काळ्या कागदावरचे गॉथम

नव्वदच्या दशकात शाळेत जाणारी पिढी आता चाळिशीच्या आसपास आली आहे आणि सुपरहिरोंच्या अ‍ॅनिमेशनला तिच्या आठवणींचा मोठाच आधार वाटू लागला आहे. २०२४ या एका वर्षात ‘एक्स-मेन ९७’ आणि ‘बॅटमॅन : केप्ड क्रूसेडर’ या दोन अमेरिकी मालिका आल्या. दोन्हींची मुळे १९९२ साली फॉक्स किड्सवर सुरू झालेल्या मालिकांत आहेत. अशा स्मरणरंजनाला नाके मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला त्यात गैर काही वाटत नाही. मात्र आपण नेमके कशासाठी हळहळतो, हे एकदा नीट पाहायला हवे.

त्यांपैकी ‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सिरीज’ ब्रूस टिम आणि एरिक राडोम्स्की यांनी उभी केली. पार्श्वचित्रे पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर रंगवायची, ही राडोम्स्कीची कल्पना. त्यामुळे बॅटमॅनच्या गॉथम शहरात अंधार मुळातच भरलेला असतो आणि रंगवावा लागतो तो उजेड : एखादी पिवळी खिडकी, धुक्यातला दिव्याचा झोत. आकृत्यांच्या मोजक्या रेषांवर फ्लायशर स्टुडिओच्या १९४०च्या दशकातल्या सुपरमॅनपटांची छाया आहे. साधेपणामागे व्यवहारही होता. प्रत्यक्ष अ‍ॅनिमेशन जपान-कोरियातल्या निरनिराळ्या स्टुडिओंत व्हायचे. रेषा कमी, तितकी चित्र बिघडण्याची धास्ती कमी. तरी काही भाग साधारणच उतरले, काही डोळे दिपवणारे. ‘फीट ऑफ क्ले’च्या उत्तरार्धात आपल्याच जुन्या भूमिका पडद्यांवर पाहताना एकेकाळी नट असलेल्या खलनायक क्लेफेसचा चेहऱ्यांवरचा ताबा सुटतो आणि एकेक चेहरा त्याच्या अंगातून उसळून येतो. टोकियोच्या टीएमएस स्टुडिओचे ते काम आजही पाहावे.

पण मन गुंतते ते लेखनात. ‘हार्ट ऑफ आइस’मध्ये पॉल डिनीने मिस्टर फ्रीझ या थिल्लर खलनायकाला एक आजारी बायको दिली, तिला वाचवण्याची धडपड दिली आणि ती धडपड एका निर्ढावलेल्या मालकाच्या हातून उधळली जाताना दाखवली. जेमतेम बावीस मिनिटांत सुडाची आग आणि तिच्या मागचे दुःख, दोन्ही मुलांपुढे ठेवले. पुढे मूळ कॉमिक्सनेच ही कहाणी स्वीकारली. ‘रॉबिन्स रेकनिंग’मध्ये रॉबिनच्या आईवडिलांचा मृत्यू दिसतच नाही, तुटका दोर तेवढा झोका घेत परत येतो. मुलांच्या कार्यक्रमांवरच्या निर्बंधांतून असा संयम घडला. शर्ली वॉकरच्या वाद्यवृंदाने आणि केव्हिन कॉनरॉयने ब्रूस वेन व बॅटमॅन या एकाच माणसाच्या दोन रूपांसाठी लावलेल्या दोन निरनिराळ्या आवाजांनी त्याला भारदस्तपणा दिला.

पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी भाग या तोडीचे नव्हते, हेही सांगायला हवे. ‘आय हॅव गॉट बॅटमॅन इन माय बेसमेंट’ आज पाहवत नाही. आठवण असे भाग गाळून टाकते आणि नव्या मालिकेला त्या गाळीव स्मृतीशी झुंजावे लागते.

‘एक्स-मेन ९७’ने ही झुंज धीटपणे घेतली. तिची पूर्वज मालिका चित्रांत ओबडधोबड होती. तिचे बळ होते समाजाने नाकारलेल्यांच्या कथेत. नव्या मालिकेने जुने शीर्षकसंगीत, जुन्या वेशभूषा, कॅल डॉड आणि लेनोर झॅन यांचे ओळखीचे आवाज राखले आणि पाचव्या भागात म्युटंटांच्या जेनोशा बेटावर असा संहार आणला की प्रेक्षकाच्या सुखद आठवणींनाच तडा जावा. एक्स-मेनमधल्या गॅम्बिटचा मृत्यू तिथे जिव्हारी लागतो, कारण त्याच्यावरची आपली माया तीस वर्षांची आहे. आठवणीचा इतका सार्थ वापर या प्रकारात मी क्वचितच पाहिला आहे.

‘केप्ड क्रूसेडर’ने मात्र निराशा केली. खुद्द टिम सोबतीला, काळ १९४०चा, तरीही हालचाल ताठर आणि संवाद कोरडे. पुढे खलनायक होणाऱ्या हार्वी डेंटचा ऱ्हास तेवढा सावकाश, निगुतीने रचला आहे. बाकी गॉथम जुन्या गॉथमच्या सजावटीसारखे उभे राहते.

इथे हार्ली क्विनची आठवण काढायलाच हवी. १९९२च्या ‘जोकर्स फेव्हर’ या भागापुरती ती जोकरची साथीदार म्हणून आली, आर्लिन सॉर्किनच्या आवाजाने रुजली आणि पुढे कॉमिक्स, चित्रपट सगळीकडे पोहोचली. त्या जुन्या मालिकेने १९३९पासून चालत आलेला बॅटमॅनचा वारसा सांभाळता सांभाळता त्यात स्वतःची भर घातली. २०२४च्या दोन्ही मालिकांनी जुन्या पात्रांना नवे वळण दिले, काही ठिकाणी फार चांगले दिले. पण हार्लीच्या तोलाचे एकही नवे पात्र त्यांच्याकडून अजून आलेले नाही.