परतीचा आहेर

मराठीत कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, दिवाळी अंकांची तर फराळ संपायच्या आत होते. परंतु लहान मुलाच्या वाढदिवसाला जमलेल्या बालपाहुण्यांच्या हाती निघताना जी पिशवी ठेवतात, त्या ‘रिटर्न गिफ्ट’ नामक प्रकाराकडे आमच्या समीक्षकांनी साफ दुर्लक्ष केलं आहे. वास्तविक या प्रकाराला निर्मितीच्या वेदना आहेत, आवृत्त्या आहेत, पुनर्मुद्रणं आहेत आणि वाङ्मयचौर्य तर विचारूच नका. शेवटी हे काम मीच अंगावर घेतलं. माझी पात्रता एवढीच, की मी बी.कॉम. आहे, बँकेत काउंटरवर बसतो आणि घरात सात वर्षांची कन्या असल्यामुळे या विषयावरचं अडीच खोकी भरेल इतकं मूळ साहित्य माझ्या माळ्यावर पडून आहे.

समीक्षेला आधी कसोटी पाहिजे. थोर साहित्य म्हणे काळाच्या कसोटीला उतरतं. रिटर्न गिफ्टला एवढा काळ द्यायची गरज नाही. दुसऱ्या दिवशीची सकाळ पुरते. सकाळी नऊ वाजता ती वस्तू मुलाच्या हातात असेल तर कृती उत्तम. माळ्यावर गेली असेल तर मध्यम. केराच्या डब्यात असेल तर कनिष्ठ. आणि नव्या कागदात गुंडाळून दुसऱ्याच्या वाढदिवसाला निघाली असेल, तर ती बेअरर चेक समजावी. जो धरील त्याची!

आता एकेक संप्रदाय घेऊ.

पहिला स्टेशनरी संप्रदाय. पेन्सिल, शार्पनर, खोडरबर आणि पट्टी. हा अगदी अभिजात. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिल, शार्पनर आणि खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला, म्हणजे आता तर याला राजाश्रयही आहे. साधी पेन्सिल असेल तर माझी काही तक्रार नाही. पोर तिने भिंतीवर का होईना, पण लिहितं. परंतु हल्ली या संप्रदायाला अलंकारांचा सोस जडला आहे. खोडरबर म्हणून जे मिळतं ते स्ट्रॉबेरीसारखं दिसतं, आइस्क्रीमसारखं दिसतं, त्याला वासही येतो. फक्त ते खोडत नाही. कागदावर फिरवलं की चुकलेल्या उत्तराभोवती काळं आभाळ दाटून येतं. आणि स्ट्रॉबेरीसारखं दिसणारं, वासही तसाच असणारं काही धाकट्या भावंडाच्या हाती लागलं, तर ते काय करील? खाऊन बघील! त्यात त्याचा काय दोष?

दुसरा प्रकार आत्मचरित्राचा. उत्सवमूर्तीचा फोटो छापलेला मग किंवा पाण्याची बाटली. लेखकाचं वय वर्षं तीन, आणि वाचकाने त्याला रोज सकाळी चहाबरोबर पाहायचं. असा एक मग मी बँकेत नेला. दिवसातून चार खातेदार विचारतात, “मुलगा वाटतं तुमचा? गोड आहे हो!” मी सांगतो, “नाही, बी विंगमधला.” त्यावर ते माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर केवायसीच्या फॉर्मवरचा फोटो जुळला नाही की आम्ही लोक त्यांच्याकडे टाकतो.

तिसरा प्रकार नवकाव्याचा. म्हणजे वस्तू हातात घेऊन उलटसुलट केली तरी हे नेमकं काय आहे ते कळत नाही. दाबलं की लुकलुकतं, सोडलं की कुईकुई करतं. याच घराण्यातली शिट्टी ही तर सरळसरळ सूडकथा आहे. मागच्या महिन्यात तुम्ही त्यांच्या मुलाला ढोल दिला होतात, हा त्याचा उत्तरार्ध.

इथे मात्र समीक्षकाने दोन मिनिटं विनोद बाजूला ठेवावा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. पण डझनाच्या भावाने पिशव्या भरताना ते चिन्ह शोधतो कोण? आपण फक्त भाव शोधतो. त्या लुकलुकणाऱ्या वस्तूंच्या पोटात बटणाएवढा सेल असतो. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतसुद्धा आतून भाजू शकतं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात मावेल असं काहीही त्याच्या पिशवीत जाता कामा नये, आणि न फुगवलेला फुगाही नाही. ज्या सेलचं झाकण नखाने उघडतं, ती कृती सकाळची वाट न बघता रात्रीच बाद करावी.

चौथा प्रकार प्रबोधनपर. यात कुंडी आणि रोप येतं, कधी बियांचं पाकीट येतं. हेतू इतका थोर, की नाव ठेवायला जीभ धजत नाही. तरी ठेवतो. तिसऱ्या मजल्यावरच्या चार वर्षांच्या बालकाला कडुनिंबाचं रोप देणं म्हणजे बालवाडीत ज्ञानेश्वरी लावण्यासारखं आहे. ग्रंथ थोर, पण वाचक चुकला. लहान मूल बी पेरल्यावर दर अर्ध्या तासाने उगवलं का ते उकरून बघतं. त्याला मेथी द्यावी. रात्रभर भिजवून पेरली की तीन-चार दिवसांत माती फोडून वर येते. चार दिवस हा बालकांच्या धीराचा कमाल कालावधी आहे, त्यापुढची मुदत ठेव ते स्वीकारत नाहीत.

पाचवा प्रकार पुस्तकाचा. मला मनापासून आवडणारा, आणि म्हणूनच सर्वांत जास्त चीड आणणारा. कारण आईबाप पुस्तक घेतात ते मुलासाठी नव्हे, मुलाच्या दहावीसाठी. “पुढे उपयोगी पडेल” म्हणून पहिलीतल्या पोराच्या पिशवीत शब्दकोश. अहो, १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालेतली पातळ, चित्रांची पुस्तकं मराठीत आहेत. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं आहेत. मूल सकाळी दात घासताना एका हातात धरतं ते असलं पुस्तक. शब्दकोश कुणी दात घासताना धरलेला माझ्या पाहण्यात नाही.

ही झाली वस्तूंची समीक्षा. पण खरा घोटाळा वस्तूत नाही, नावात आहे. ‘रिटर्न’!

मुलांच्या हाती काहीतरी ठेवून त्यांना घरी पाठवायचं, यात आपल्याला नवीन काही नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला आपण वाण देतो, आणि आपली भाषा अशी दिलदार, की त्याला वाण ‘लुटणं’ म्हणतात. त्याच दिवसांत बोरन्हाण होतं. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातलेलं बाळ पाटावर बसवतात. त्याच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे आणि हलवा ओततात, आणि जमलेली पोरं ते लुटतात. बाळ भांबावतं, पण पोरांचा उत्साह बघण्यासारखा! आता या प्रकाराचं लेजर मांडून दाखवा बघू. कुणी किती बोरं उचलली? कुणी काय आणलं होतं? नोंद नाही, पावती नाही, शिल्लक जुळवायची नाही. भोंडल्याच्या खिरापतीतही जो ओळखतो त्यालाच नाही, सगळ्यांनाच मिळते.

रिटर्न गिफ्टमध्ये मात्र जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू असतात. “त्यांनी दीडशेचं दिलं होतं, आपण ऐंशीचं कसं द्यायचं?” हा संवाद ज्या घरात झाला नाही, त्या घराने मला कळवावं. मी सहकुटुंब दर्शनाला येईन. कुणी आमंत्रणातच लिहितात, ‘कृपया भेटवस्तू आणू नये.’ आणि मग दारातून रिकाम्या हाताने आत येणाऱ्याकडे अशा कौतुकाने बघतात, की तो पुढच्या वेळी दोन वस्तू आणतो.

मोठ्यांचं एक ठीक आहे. आपण आयुष्यभर आहेराच्या वह्या ठेवल्या. पण हे पोरांना केव्हा कळायला लागतं, ते मी पाहिलं आहे. आमच्या इमारतीखाली इस्त्रीचं टेबल आहे. त्या इस्त्रीवाल्यांची सहा वर्षांची मुलगी आमच्या पोरांबरोबरच खेळते. एका वाढदिवसाला तीही आली होती. नाचली, खुर्चीच्या खेळात दुसरी आली, केक खाल्ला. निघताना यजमानीणबाईंनी सगळ्यांबरोबर तिच्याही पुढे पिशवी धरली. मुलीने दोन्ही हात मागे घेतले आणि म्हणाली, “नको काकू. मी गिफ्ट कुठे आणलं होतं?”

काकूंनी “अगं, घे गं बाई” म्हणत पिशवी तिच्या हातात कोंबली. बाई मनाने चांगल्या आहेत. पण पुढच्या वर्षी मुलगी आली नाही. ताप आलाय म्हणून निरोप आला. वर केक कापत होते तेव्हा ती खाली एकटीच लंगडी घालत होती.

आमच्या बँकेत ‘रिटर्न’ हा शब्द चेकच्या बाबतीत वापरतात. चेक रिटर्न गेला म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नव्हते. सहा वर्षांच्या मुलीने स्वतःचं खातं बघून स्वतःचा चेक स्वतःच रिटर्न केला. तेवीस वर्षं हिशेब लिहितोय, एवढी अचूक नोंद मी दुसरी पाहिली नाही. आणि ती नोंद करायला त्या पोरीला शिकवलं आपण सगळ्यांनी मिळून, पिशव्या वाटत वाटत.

तेव्हा समीक्षकाचा निकाल असा. ज्या वस्तूची किंमत पोराला सांगता येते, ती कृती फसली. जी मुलांनी तिथेच बसून स्वतःच्या हाताने केली, ती साधली. दुपारभर पोरांना माती कालवू द्या, कागदी पेल्यांना तळाशी भोक पाडून भरू द्या, मेथी पेरू द्या, वर ज्याचं त्याचं नाव लिहू द्या. घर घाण होईल, होऊ दे. जाताना जो तो आपापला पेला घेऊन जाईल. ते काही ‘रिटर्न’ नव्हे, ते त्याचंच होतं. हे जमत नसेल तर मधोमध चादर पसरा, बोरं नाहीतर गोळ्या ओता आणि “लुटा” म्हणा. यात हात मागे घ्यायला कुणाला सवडच मिळत नाही.

आणि पिशव्या वाटायच्याच असतील, तर निदान दारात वाटू नका. पोरं आल्या आल्या द्या. मग कुणी काय आणलं ते बघायच्या आधीच व्यवहार पुरा होतो. बँकेत याला ॲडव्हान्स म्हणतात, आणि वाढदिवसाच्या बाबतीत तो बुडीत गेलेलाच बरा.