संगमरवरातील लोकनेता

लोकनेत्याचा अर्धपुतळा घडविणाऱ्या शिल्पकारापुढे एक जुनाच पेच असतो. पुतळा उभारला जातो तो पदाच्या गौरवासाठी. चेहरा मात्र माणसाचा असतो. पूर्णाकृतीत उभे राहण्याची ढब, हाताचा आविर्भाव, हातातील ग्रंथ वा तलवार यांचे साहाय्य मिळते. अर्धपुतळ्यात यांपैकी बहुतेक साधने नाहीशी होतात. त्यातून संगमरवर पांढरा. त्याला त्वचेचा वर्ण नाही, बुबुळाचा काळेपणा नाही. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून स्वभावाचा प्रत्यय यावा कसा?

सुरकुत्या कोरल्या की सत्य साधले, असे सामान्यतः समजले जाते. रोमन शिल्पे या समजुतीला बाध आणतात. प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळात, इ. स. पूर्व पहिल्या शतकात, रोममधील वृद्ध पुढाऱ्यांचे चेहरे खोल वळ्या, आवळलेले ओठ आणि बसके गाल यांसह कोरले गेले. थोर घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे जपून अंत्ययात्रेत मिरविण्याची प्रथा होती. त्या समाजात वार्धक्य हेच अनुभवाचे व कठोर संयमाचे प्रशस्तिपत्र होते. पुढे ऑगस्टस इ. स. १४ मध्ये पंचाहत्तरी ओलांडून वारला. त्याच्या प्रतिमा मात्र अखेरपर्यंत तरुणच राहिल्या. सुरकुत्या आणि नितळपणा ही दोन्ही स्तुतीचीच रूपे होत.

व्यक्ती प्रकट होते ती रूढ संकेत अपुरा पडतो तेथे. फ्रेंच शिल्पकार ऊदाँ याने १७७८ मध्ये घडविलेला बेंजामिन फ्रँकलिनचा संगमरवरी अर्धपुतळा आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात टोप नाही, दरबारी थाट नाही. अंगात साधा कोट आहे. ऊदाँचे खरे सामर्थ्य डोळ्यांत आहे. बुबुळाची जागा तो खोल कोरी आणि तीत दगडाचा एक लहानसा कण राखून ठेवी. खोलगटात सावली साचे, कणावर उजेड पडे आणि पांढऱ्या दगडाला नजर येई.

त्याच संग्रहालयात हायरम पॉवर्सने केलेला राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनचा अर्धपुतळा आहे. तो १८३९ मध्ये संगमरवरात उतरला. खांद्यांवर रोमन धाटणीचे वस्त्र आहे, पण दात गेल्यामुळे आत ओढले गेलेले तोंड शिल्पकाराने तसेच ठेवले आहे. वस्त्र परंपरेचे, तोंड जॅक्सनचे. या विसंगतीतूनच त्याचा करारीपणा प्रतीत होतो.

तथापि संगमरवराची मर्यादाही येथेच कळते. याच जॅक्सनने १८३० मध्ये ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली, त्याच्या आधारे मूळ रहिवासी जमातींना मिसिसिपीच्या पश्चिमेस हुसकावण्यात आले. त्या मिटलेल्या ओठांत निर्धार दिसतो. तो कोणावर कोसळला हे दिसत नाही. शिल्प स्वभाव सांगते, पण चारित्र्य कृतीवाचून कळत नाही. आणि कृती सांगणे हे चरित्राचे काम आहे.

म्हणूनच या शिल्पांचा विचार वाङ्मयालाही लागू पडतो. मराठी चरित्रकाराला कृती आणि परिणाम मांडण्यास शेकडो पृष्ठे मोकळी असतात. तरीही अनेकदा त्याचा नायक ऑगस्टससारखा नितळ राहतो. पॉवर्सने दगडात बसलेले तोंड राखले. शब्दांना तर त्याहून पुष्कळ अधिक राखता येते.