बातमी, संभाव्यता आणि पुराव्याचं वजन

आज दोन कपाटांबद्दल बोलायचं आहे. कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात संभाव्यतेवरची पुस्तकं गणिताकडे असतात आणि पत्रकारितेवरची समाजशास्त्राच्या आसपास. एका कपाटाचा वाचक दुसऱ्याकडे सहसा फिरकत नाही. माझी तक्रार साधी आहे. लोकशाहीत वर्तमानपत्राचं काम काय, हा प्रश्न ज्यांनी फार चांगला विचारला, त्यांना उत्तरासाठी हवी असलेली कल्पना शेजारच्या कपाटात तयार होती, पण तिकडे कुणी हात घातला नाही. आपल्याकडे सुरुवात तरी वेगळी झाली होती. 6 जानेवारी 1832 ला 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत होते, आणि 'केसरी'वाले टिळकही गणिताचेच मास्तर. असो.

ती कल्पना आहे जॉन मेनार्ड केन्सच्या 'अ ट्रीटिज ऑन प्रॉबॅबिलिटी' या 1921 च्या ग्रंथात. केन्सला आपण अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो, पण हा ग्रंथ मुळात तत्त्वज्ञानाचा. त्याचा पहिला खर्डा त्याने लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरी करता करता लिहिला. तिथे त्याच्याकडे आलेलं पहिलं मोठं काम म्हणजे मुंबईला दहा एअरशायर वळू पाठवण्याची व्यवस्था करणं! उरलेल्या वेळात हा गृहस्थ संभाव्यतेवर लिहीत होता.

केन्सचं पहिलं म्हणणं असं, की संभाव्यता विधानाच्या अंगाला चिकटलेली नसते. ते विधान आणि हाती असलेला पुरावा यांच्यातलं नातं असतं. पुणे लांब आहे का, असं कुणी विचारलं तर आपण विचारतो, 'कुठून?' तसंच 'हे संभवनीय आहे का?' याला प्रतिप्रश्न हवा, 'कशाच्या आधारावर?' ऐकायला बाळबोध वाटतं. पण ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनमध्ये काय झालं बघा. तिथल्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. माध्यमांनी 'दुप्पट' उचललं. कशाच्या दुप्पट? आधीच्या गोळ्यांवर 7000 बायकांमागे एकीला हा त्रास होत होता, नव्या गोळ्यांवर दोघींना. म्हणजे 7000 मध्ये एक वाढली. पण घाबरून असंख्य बायकांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. यातली क्रूर गंमत म्हणजे गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. छापलेला एकही शब्द खोटा नव्हता. पत्रकारितेची पुस्तकं 'खरं छापा' म्हणतात आणि तिथेच थांबतात, म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं.

केन्सचं दुसरं म्हणणं सहाव्या प्रकरणात आहे, आणि माझ्या मते अख्ख्या ग्रंथातलं ते सर्वांत मोलाचं. विषय आहे युक्तिवादाचं वजन. आपल्याकडे 'वजन' म्हटलं की सरकारी फायलीवर ठेवायचं वजन आठवतं, ते बाजूला ठेवा. समजा, एक नाणं तुम्ही कधी पाहिलेलं नाही. छापा पडण्याची संभाव्यता किती? निम्मी म्हणाल. दुसरं नाणं तुम्ही हजार वेळा उडवलंय आणि जवळपास निम्म्या वेळा छापा पडलाय. तिथेही उत्तर निम्मीच. आकडा एकच, पण पहिल्यामागे अज्ञान आहे, दुसऱ्यामागे हजार वेळा केलेलं काम. नवा पुरावा आला की संभाव्यता वाढेल किंवा घटेल, काहीही होईल. वजन मात्र वाढतंच. नवल म्हणजे या कल्पनेला किती महत्त्व द्यावं याची खुद्द केन्सला खात्री नव्हती, आणि तसं त्याने प्रकरणाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय. पुढच्या गणितज्ञांनीही ती फारशी मनावर घेतली नाही, कारण तिची आकडेमोड नीट होत नाही.

आता त्याच काळातल्या दुसऱ्या कपाटाकडे येऊ. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ यांनी ऑगस्ट 1920 मध्ये 'न्यू रिपब्लिक'मध्ये एक मोठा अभ्यास छापला. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने रशियन क्रांतीच्या बातम्या कशा दिल्या, हे त्यांनी तीन वर्षांचे अंक चाळून तपासलं. सोव्हिएत राजवट कोसळण्याच्या बेतात आहे किंवा कोसळलीच, असं त्यांना 91 वेळा छापलेलं सापडलं. एक्याण्णव! बातमीदार ठरवून खोटं बोलत होते असा त्यांचा निष्कर्ष नाही. जे व्हावंसं वाटत होतं, ते पुराव्याच्या खुर्चीत जाऊन बसलं होतं.

इथे केन्स हवा होता. त्याच ग्रंथात अनुमानाबद्दल तो सांगतो, की नुसती उदाहरणं वाढवून काही होत नाही, ती एकमेकांपेक्षा वेगळी असावी लागतात. एकाच गोटातून, एकाच इच्छेतून आलेल्या 91 बातम्या तराजूत घातल्या तर काटा जेमतेम एका बातमीइतका हलेल. आज एकाच वृत्तसंस्थेचा मजकूर दहा ठिकाणी वाचून आपण 'सगळीकडे आलंय' म्हणतो, तोही हाच प्रकार.

लिपमनच्या हाती हे सगळं असताना 1922 च्या 'पब्लिक ओपिनियन'मध्ये त्याने काय केलं? बातमी आणि सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने फार सुंदर दाखवलं. पण उपाय म्हणून तज्ज्ञांची माहिती-केंद्रं सुचवली, आणि तीही मुख्यतः कारभाऱ्यांसाठी. वाचकाला तराजू देण्याऐवजी तराजूच कचेरीत नेऊन ठेवला. ज्याचं जळतं त्याला कळतं, या आपल्या म्हणीच्या जवळचा आक्षेप जॉन ड्युईने 1927 मध्ये घेतला आणि तो मला पटतो. पण नागरिकाने पुरावा तोलायचा कसा, हे ड्युईही सांगत नाही. कोवाच आणि रोझेनस्टील यांचं 'द एलिमेंट्स ऑफ जर्नालिझम' पडताळणीची शिस्त सांगतं, ते उत्तमच. पण अर्धवट पडताळलेल्या गोष्टीचं काय करायचं? रोजची निम्मी बातमी तीच असते.

ही पुस्तकं तिकडची. पण आपल्या मराठी वर्तमानपत्राची भाषा बघा. 'असे समजते', 'असे कळते', 'सूत्रांनी सांगितले'. इयन हॅकिंगने 'द इमर्जन्स ऑफ प्रॉबॅबिलिटी'मध्ये (1975) दाखवलंय, की सतराव्या शतकापूर्वी युरोपात एखादं मत संभवनीय म्हणजे मान्यवरांनी उचलून धरलेलं. पुरावा नव्हे, पाठिंबा. आपली 'सूत्रं' त्याच काळात राहतात, आणि त्या मान्यवरांना निदान नाव असायचं. आणि 'शक्यता नाकारता येत नाही' हे तर अजब वाक्य आहे. उद्या माझ्या डोक्यावर नारळ पडण्याची शक्यताही नाकारता येत नाही. त्याखाली एखाद्या माणसाचं नाव आलं, की तो मात्र आयुष्यभर खुलासे करत बसतो.

नावाचा विषय निघालाच, तर एल. जोनाथन कोहेनच्या 1977 च्या 'द प्रोबेबल अँड द प्रूव्हेबल'मधलं एक कोडं सांगतो. खेळाला 1000 प्रेक्षक बसलेत, पैसे 499 जणांनीच भरलेत. म्हणजे 501 जण फुकटे. त्यातल्या कुणा एकाला उभं करून 'तू फुकटा असण्याची संभाव्यता निम्म्याहून जास्त आहे, भर पैसे' असं म्हणता येईल का? हिशेब बिनचूक आहे, तरी आपलं मन नाही म्हणतं, कारण त्या माणसाविषयी आपल्याला काहीच माहीत नाही. कोहेन यावरून न्यायालयासाठी वेगळंच तर्कशास्त्र उभारतो. इतकं दूर जायची गरज मला वाटत नाही. आकडा आहे पण वजन नाही, हे केन्सच्या भाषेत सांगता येतं. अमुक वस्तीतला, अमुक जमातीचा म्हणून संशयिताची बातमी छापली जाते, तेव्हा त्या माणसाला नेमकं या प्रेक्षकासारखं उभं केलेलं असतं.

तुमच्यापैकी काही पत्रकार आहेत. तुम्ही म्हणाल, सर, संध्याकाळी पान लावायचं असतं, तिथे केन्स कुठे घुसवायचा? एक वाक्य पुरेल. ही गोष्ट किती वेगवेगळ्या ठिकाणांहून कळली, आणि काय अजून पाहायचं राहिलंय. जागा दोन ओळींची. हे छापल्याने बातमी फिकी पडते असं म्हणतात. पडू दे की.

वाचायचंच असेल तर केन्सचा ग्रंथ पहिल्या पानापासून हाती घेऊ नका, मधली चिन्हांची प्रकरणं माणसाला पळवून लावतात. सहावं प्रकरण वाचा, मग लिपमन-मर्झ यांचा अभ्यास. 'पब्लिक ओपिनियन' त्यानंतर. पुढच्या वेळी ड्युई सविस्तर घेऊ. आता प्रश्न विचारा.