लांब शेपटीचा तो कोणता?

सॅलॅमँडर हा बेडकाचा शेपटीवाला भाईबंद. मेक्सिकोतील थोरियस या प्रजातीतले सॅलॅमँडर इतके लहान असतात, की शेपटी वगळता त्यांचे शरीर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर भरते. त्यांना फुप्फुसे नसतात. ते त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून श्वसन करतात. या प्रजातीतल्या तीन नव्या जातींचे वर्णन गॅब्रिएला पार्रा-ओलेआ आणि सहकाऱ्यांनी 2016 साली एका शोधनिबंधात केले. हे प्राणी वाहाका राज्यातील सिएरा माद्रे देल सूर या डोंगररांगेतले. तोवर तेथून थोरियस मिनुटिसिमस या एकाच जातीची नोंद होती.

नव्या जातींपैकी दोन शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पिनिकोला म्हणजे पाइनच्या झाडीत राहणारा आणि लाँगिकॉडस म्हणजे लांब शेपटीचा. नावांवरून वाटेल, की शेपटी मोजली की झाले! पण मिनुटिसिमसच्या तुलनेत दोघांचीही शेपटी लांब, दोघांचेही शरीर मोठे आणि दोघांच्याही नाकपुड्या लंबवर्तुळाकार. मग फरक कशावरून ठरवला? शरीराचे आकारमान, बाह्यरचना, हाडे, प्रथिने आणि डीएनए या सर्वांचा एकत्रित विचार करून. एकाच लक्षणावर भिस्त ठेवलेली नाही, हे या निबंधाचे खरे बळ.

त्या मानाने नामकरण कच्चे वाटते. दोघांत समान असलेले लक्षण एकाच्याच नावात घातल्याने नवखा वाचक फसतो. नाव ही ओळखपत्रिका नव्हे, हे विद्यार्थ्यांना सांगायला मात्र याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

आपल्या वर्गात 'फरक सांगा' म्हटले, की दोन रकाने आखले जातात आणि प्रत्येक रकान्यात एकच नमुना असतो. त्याआधी एकाच आंब्याच्या झाडाची वीस पाने मोजायला द्यावीत. एका झाडावरच किती फरक असतो ते कळले, की दोन जातींमधला फरक म्हणायला किती पुरावा लागतो तेही कळेल.

निबंधातली एक गोष्ट मात्र अस्वस्थ करते. गेल्या एक-दोन दशकांत हे प्राणी झपाट्याने कमी झाले असून जिवंत नमुना सापडणे कठीण झाले आहे, असे लेखक सांगतात. हे शतक संपण्याआधी थोरियसच्या सर्व जाती नष्ट होऊ शकतील, अशी भीतीही ते व्यक्त करतात. हाडे आणि प्रथिने यांची तुलना जतन केलेल्या नमुन्यांवरून होऊ शकते. पण या दोन जाती जगतात कशा, याची तुलना करायची तर दोन्ही जिवंत असाव्या लागतात.