पंच आखाड्यात उतरतो तेव्हा



आजचा विषय निवडणूक आयुक्तांच्या राजकीय कारकिर्दीचा आहे. 'निवडणूक आयुक्त' आणि 'राजकीय कारकीर्द' हे शब्द शेजारी बसवले की कानाला खटकतात. ते का खटकतात, एवढाच प्रश्न आज आम्ही सोडवायला घेतला आहे. कुणाची निंदा करायची नाही आणि आरतीही ओवाळायची नाही.

आधी एक घोळ निस्तरू. लोकसभा आणि विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो. त्याचा आधार राज्यघटनेचा अनुच्छेद ३२४. राज्यात त्या आयोगाचं काम मुख्य निवडणूक अधिकारी पाहतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर परिषद या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो. तो वेगळा. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर, १९९४ साली, तो महाराष्ट्रात आला. दोन्हीकडे जिल्हाधिकारी तेच, शाळेच्या खोल्या त्याच, ड्युटी लागलेले गुरुजीही तेच. म्हणून लोकांना दोन्ही आयोग एकच वाटतात. पण मालक वेगळे आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता ज्या नावाशिवाय हा विषय सुरूच होत नाही ते नाव घेऊ. टी. एन. शेषन. १२ डिसेंबर १९९० ते ११ डिसेंबर १९९६, अशी सहा वर्षं ते देशाचे मुख्य निवडणूक आयुक्त होते. आमच्या पिढीने त्याआधीच्या निवडणुका पाहिल्या आहेत. भिंती रंगलेल्या, भोंगे रात्रभर चालू, खर्चाला धरबंध नाही. आचारसंहिता तेव्हाही होती, पण पाटावर मांडलेल्या सुपारीसारखी, नुसती पूजेपुरती. शेषन यांनी तिला दात दिले. मतदार ओळखपत्राचा आग्रह धरला. २ ऑगस्ट १९९३ रोजी तर आदेशच काढला की, आयोगाचे अधिकार सरकार मान्य करत नाही तोवर निवडणुकाच होणार नाहीत. मग १ ऑक्टोबर १९९३ला सरकारने आणखी दोन आयुक्त नेमले, मनोहरसिंग गिल आणि जी. व्ही. जी. कृष्णमूर्ती. शेषन सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९५मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला, तीन सदस्यांचा आयोग कायम राहिला. तो आजही तसाच आहे.

इथपर्यंतची कथा सगळ्यांना पाठ आहे. 'शेषन हवा होता' असं आपल्याकडे आजही पारावर म्हणतात. पुढची कथा मात्र फार कुणी सांगत नाही. पदावरून उतरल्यावर वर्षही झालं नव्हतं, आणि जुलै १९९७मध्ये शेषन राष्ट्रपतिपदाचे उमेदवार झाले. त्यांना पाठिंबा दिला तो आपल्या महाराष्ट्रातल्या शिवसेनेने. समोर के. आर. नारायणन. नारायणन यांना मतांचं मूल्य मिळालं ९,५६,२९० आणि शेषन यांना ५०,६३१. अनामत रक्कमही वाचली नाही. पुढे १९९९ साली ते काँग्रेसच्या तिकिटावर गांधीनगरमधून लालकृष्ण अडवाणींविरुद्ध उभे राहिले. तिथेही हरले.

म्हणजे ज्याने सगळ्या पक्षांना काठी दाखवली, तो तीन वर्षांच्या आत एका पक्षाच्या पाठिंब्यावर आणि दुसऱ्या पक्षाच्या चिन्हावर लोकांपुढे आला. यात त्यांनी कायदा मोडला का? मुळीच नाही. निवृत्त माणूस नागरिकच असतो. उलट बाजूने असंही म्हणता येईल, आणि ते न्यायाचं होईल, की शेषन यांनी हरणाऱ्या लढाया निवडल्या. अडवाणींविरुद्ध गांधीनगर ही काही कुणी बक्षीस म्हणून दिलेली जागा नव्हती. लाभासाठी गेलेला माणूस असं तिकीट घेत नाही.

मग खटकतं काय? इथे आमचा जुना धंदा, तत्त्वज्ञान, थोडा कामी येतो. आपण समजतो की भूतकाळ झाला तो झाला, त्याला कुणी हात लावू शकत नाही. घटनेच्या बाबतीत ते खरं आहे. अर्थाच्या बाबतीत खरं नाही. १९९३चा आदेश १९९९नंतरही अक्षर न् अक्षर तोच राहिला. पण वाचणाऱ्याच्या मनात एक प्रश्न शिरला, जो आधी नव्हता: हे तेव्हाच ठरलं होतं का? उत्तर 'नाही' असेल. बहुधा 'नाही'च आहे. पण प्रश्न विचारता येतो, हीच हानी. पंचाने कुस्ती झाल्यावर एका तालमीचा लंगोट बांधला, तर त्याने आधी दिलेले सगळे निकाल पुन्हा तपासायला निघतात. आणि ते तपासण्याचं कुठलंच साधन उरलेलं नसतं.

दुसरं उदाहरण शेषन यांच्यानंतरचं. मनोहरसिंग गिल १९९६ ते २००१ मुख्य निवडणूक आयुक्त होते. २००४ला काँग्रेसतर्फे राज्यसभेत गेले, २००८ला केंद्रात क्रीडामंत्री झाले. शेषन यांनी निदान लोकांसमोर मत मागितलं. इथे तर पंचाला थेट मंत्रिमंडळात खुर्ची मिळाली. तरी शेषन यांच्यावर जेवढी चर्चा झाली त्याच्या दशांशही गिल यांच्यावर झाली नाही. का? गिल नाट्यमय नव्हते म्हणून. आपण व्यक्तीचा आवाज मोजतो, पदाचं नुकसान मोजत नाही. आमची टीका आहे ती याच सवयीवर.

आता घटना उघडून पाहा. नियंत्रक व महालेखापरीक्षक निवृत्त झाला की सरकारात दुसरं पद घेऊ शकत नाही, अनुच्छेद १४८. लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांवरही अनुच्छेद ३१९ची बंधनं आहेत. निवडणूक आयुक्तावर? काहीच नाही. राज्य निवडणूक आयुक्तावर, अनुच्छेद २४३-केमध्ये? तिथेही नाही. पैशाचा हिशेब तपासणाऱ्याला कुंपण, आणि सत्तेचा हिशेब मोजणाऱ्याला वेशीचं दार उघडं. जून १९४९मध्ये संविधान सभेत ही चर्चा झाली तेव्हा शिब्बनलाल सक्सेना, हृदयनाथ कुंझरू यांनी नेमणुकीवर बोट ठेवलं होतं. बाबासाहेबांनीही आडपडदा न ठेवता मान्य केलं की, मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस नेमला जाऊ नये यासाठी मसुद्यात तरतूद नाही. नेमणुकीचा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतोय. मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश अशी समिती सांगितली. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने कायदा करून सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री बसवला. पण या सगळ्या वादात 'आत कोण येतो' एवढंच आहे. 'बाहेर पडून कुठे जातो' याचं नावच नाही.

कुणी म्हणेल, सर, अमेरिकेत तर हे उघडपणे चालतं. खरं आहे. तिथे बहुतेक राज्यांत निवडणुकीची प्रमुख जबाबदारी 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' या पदाकडे असते, आणि तो माणूस पुष्कळ ठिकाणी पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. २००० साली फ्लोरिडात जॉर्ज बुश ५३७ मतांनी जिंकल्याचं ज्यांनी प्रमाणित केलं, त्या कॅथरीन हॅरिस बुश यांच्याच राज्यातल्या प्रचाराच्या सहप्रमुख होत्या. दोन वर्षांनी त्या काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून गेल्या. २०१८ला जॉर्जियात ब्रायन केम्प निवडणूक खात्याचे प्रमुख असतानाच गव्हर्नरपदाला उभे राहिले आणि जिंकले. तिथला युक्तिवाद असा की, पंचाचा रंग सगळ्यांना आधीच माहीत असतो, म्हणून फसवणूक नाही. युक्तिवाद पोकळ नाही. पण रंग माहीत असल्याने हरणाऱ्याचं समाधान झालं का? फ्लोरिडाची जखम आजही भरलेली नाही. आपण तर त्याहून विचित्र जागी आहोत. आपल्याकडे पंचाने रंगहीन असावं अशी अपेक्षा आहे, आणि निवृत्तीनंतर कुठलाही रंग लावायची मुभा आहे.

आता आपल्या राज्याकडे येऊ. मघाशी सांगितलेला दुसरा आयोग आठवा. मार्च २००८मध्ये महाराष्ट्राचे राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना विधानसभेने विशेषाधिकारभंगाबद्दल दोन दिवसांची कैद सुनावली. आर्थर रोड तुरुंगात ते गेले. स्थानिक निवडणुकांमधले अधिकार आयोगाचे की सरकारचे, या वादातून ते प्रकरण निघालं होतं. आपलं पद संवैधानिक आहे, या भूमिकेवर ते अडून राहिले. त्यांची भूमिका बरोबर होती की चूक, यावर कायदेपंडितांनी भांडावं. आम्हाला एवढंच विचारायचं आहे की, या सभागृहात किती जणांना हे नाव ठाऊक होतं? ज्या आयुक्ताने निवडणूक लढवली त्याचं नाव पारावर आहे. ज्या आयुक्ताने तुरुंग पाहिला त्याचं नाव कुणाच्या ओठावर नाही.

आणि ज्या अधिकारावरून वाद होता तो नंतर मजबूत झाला का? मार्च २०२२मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून प्रभागरचनेचा अधिकार आयोगाकडून सरकारकडे घेतला. ४ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने, ११ मार्चपूर्वीची रचना धरून दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा, असं सांगितलं. तरीही वर्षं सरली. नगर परिषदांवर, जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. ६ मे २०२५ला न्यायालयाला पुन्हा 'चार महिन्यांत घ्या' म्हणावं लागलं, आणि नगर परिषदांचं मतदान झालं ते २ डिसेंबर २०२५ला. इतकी वर्षं नळाची, नालीची तक्रार घेऊन माणूस गेला तर समोर नगरसेवक नव्हता, साहेब होते.

शेजारच्या गोव्यात तर कायदा सचिवांनाच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा जादा कार्यभार दिला होता. मार्च २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही घटनेची थट्टा आहे असं ठणकावलं. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला हे पद देता येणार नाही, असा दंडक घातला. छान झालं. पण तो दंडकही पुन्हा 'आत कोण येतो' याचाच आहे.

आपल्या परंपरेत या प्रश्नावर एक सुंदर कथा आहे. आद्य शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद. मध्यस्थ म्हणून बसल्या उभयभारती, मंडनमिश्रांच्या पत्नी. म्हणजे पंचाचा रंग सगळ्यांना माहीत. मग विश्वास कसा राहिला? कथा सांगते की त्यांनी दोघांच्या गळ्यात हार घातले. ज्याचा हार आधी कोमेजेल तो हरला. निकाल त्यांच्या मनात राहिला नाही, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आला. हार नवऱ्याचा कोमेजला आणि तसं त्यांनी सांगितलं. त्यानंतर मात्र त्या स्वतः शंकराचार्यांशी वादाला उभ्या राहिल्या! पंच आखाड्यात उतरला. तरी कुणाला खटकलं नाही, कारण हार कोमेजलेला सर्वांनी पाहिला होता, आणि निकाल त्यांच्याच घराविरुद्ध गेला होता.

या कथेतून दोन गोष्टी घ्या. पहिली, पंच चांगला असून भागत नाही, निकालाची खूण हरणाऱ्यालाही दिसली पाहिजे. बूथवर मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला नमुना १७-क ची प्रत देतात, त्यात किती मतं पडली ते लिहिलेलं असतं. तो कागद म्हणजे आपला हार. तो जपून ठेवा, मागून घ्या. दुसरी, उभयभारतींसारखी कसोटी ज्याच्या वाट्याला आली नाही, त्या आयुक्ताने निवृत्तीनंतर काही वर्षं तरी पक्ष, तिकीट, मंत्रिपद, राजभवन यांच्यापासून दूर राहावं. हे त्याच्या मर्जीवर सोडू नये, घटनेत लिहावं. १४८मध्ये जे महालेखापरीक्षकासाठी लिहिता आलं ते ३२४ आणि २४३-केमध्ये का लिहिता येऊ नये? यात त्याच्या हक्कावर गदा येते हे आम्हाला मान्य आहे. मोठ्या पदाचा तो मोबदला आहे.

हे सगळं मुंबई-दिल्लीचं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर आपल्याच मतदारसंघाकडे पाहा. २०२४च्या विधानसभेत बुलढाण्याचा निकाल लागला ८४१ मतांनी. मलकापूर रोडवरच्या एखाद्या बूथवर जेवढी मतं पडतात, जवळपास तेवढ्यावर पाच वर्षांचा आमदार ठरला. अशा निकालात जिंकणाऱ्याला पंचाची आठवणही राहत नाही. पंच कोण होता, त्याचं उद्या काय होणार, हे सगळं हरणाऱ्याच्या मनात येतं. लोकशाही टिकते ती हरलेला माणूस घरी जाऊन भाकरी खातो आणि पुढच्या पाच वर्षांची तयारी करतो म्हणून. त्याला घरी नीट पाठवणं, हेच निवडणूक आयुक्ताचं खरं काम. जो आयुक्त ते करतो त्याला टाळ्या मिळत नाहीत, मिळायची गरजही नाही.

पुढच्या वेळी पारावर कुणी 'शेषन हवा होता' म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा: शेषन हवा की शेषन नसला तरी चालेल असा नियम हवा?

प्रश्न असतील तर आता घेऊ.