मृत्यूचे दोन शिल्पपट

जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फॉजिनी याने घडविलेला तिचा संगमरवरी चौथरा १६९८ साली तेथे बसविण्यात आला. त्यावरील चार कांस्यपटांपैकी एकावर, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर झालेला संतांचा मृत्यू दाखविलेला आहे.

ख्रिस्ती कला दुःखाचेच पूजन करते, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हा आक्षेप उथळ आहे. दुःखाचे अस्तित्व मान्य करूनच धम्म सुरू होतो. ते नाहीसे करणे, हे बाबासाहेबांच्या मते त्याचे प्रयोजन. खरा भेद पुढे आहे. ख्रिस्ती श्रद्धेत ख्रिस्ताने क्रूसावर सोसलेले दुःखच तारक ठरते, आणि झेवियर यांचा मृत्यू त्याच आशेच्या छायेत घडतो. तथागत मात्र मार्गदाते, मोक्षदाते नव्हेत.

अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील सुमारे सात मीटर लांबीचे महापरिनिर्वाण-शिल्प या दृष्टीने पाहावे. तेथे कोणतेही अभिवचन नाही. शय्येखाली शोकाकुल अनुयायांची रांग आहे. महापरिनिब्बानसुत्तात आनंद रडतो. तथागत त्याला अनित्यतेचे स्मरण देतात, पण त्याच्या सेवेची प्रशंसाही करतात. शिल्पकाराला हे नेमके उमगले होते. (झेवियर यांचा देह चांदीच्या पेटीत जपला आहे, यावर हसणाऱ्यांनी आपली धातुपूजा आठवावी.) फॉजिनीच्या पटात दृष्टी मरणाऱ्या संतावर खिळते, अजिंठ्यात ती तथागतांच्या शांत मुखावरून खाली उतरते आणि रडणाऱ्या त्या लहान आकृतींपाशी थांबते.