शिपायाची कविता आणि सेन्सॉरचा शेरा

मागं एका कार्यक्रमात मी दोन कविता वाचल्या. अध्यक्षस्थानी एक प्राध्यापक होते. माणूस भला. म्हणाले, ह्या तरुणाची कविता ही कविताच नव्हे, ती ठसठसणारी जखम आहे. टाळ्या पडल्या. मीही हात जोडले. त्या रात्री रिंगखात्यात तुटलेले धागे जोडताना ते वाक्य डोक्यात फिरायला लागलं आणि पहाटेपर्यंत टाळकं तापलं. त्या कवितेतला एक शब्द मी आठ दिवस शोधत होतो. जखम काय शब्द शोधत बसते?

त्याच दिवसांत मी पहिल्या महायुद्धातल्या कवींवर वाचत होतो. रद्दीतून उचललेलं इंग्रजी पुस्तक, मांडीवर डिक्शनरी. पुढं वाचनालयातून आणखी काही आणलं. त्यात एक गोष्ट सापडली आणि प्राध्यापकांचं वाक्य कुठल्या घराण्यातलं आहे ते कळलं.

१९१४ साली हिंदी पलटणी फ्रान्सच्या खंदकांत उतरवल्या. पंजाबी, पठाण, गढवाली, गुरखे. अंगावर गरम कपडे पुरेसे नाहीत आणि वर तोफांचा मारा. बऱ्याच जणांना लिहिता येत नव्हतं, दुसऱ्याला सांगून ते घरी पत्रं लिहवून घेत. ती पत्रं तपासायला सरकारनं सेन्सॉर बसवला. हॉवेल नावाचा कॅप्टन त्याचा प्रमुख. जानेवारी १९१५ च्या अहवालात हा गृहस्थ नोंदवतो की शिपाई पत्रांतून कविता करायला लागलेत, आणि हे त्यांचं मन बिघडत चालल्याचं वाईट लक्षण दिसतं. त्याचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणत नाही. माणसं आतून मोडत होतीच. पण कविता आली की त्यानं ती वाचली नाही, तिचा ताप मोजला.

आता त्याच युद्धात गोऱ्या ऑफिसरांचं बघा. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट नावाचं इस्पितळ होतं, मन खचलेल्या ऑफिसरांसाठी. फक्त ऑफिसरांसाठी. १९१७ साली विल्फ्रेड ओवेन आणि सिगफ्रिड ससून तिथं भेटले. ससूननं युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढलं होतं, ते पार्लमेंटात वाचलं गेलं. कोर्टमार्शल व्हायचं, त्याऐवजी त्याला आजारी ठरवून इस्पितळात धाडलं. तिथले रोगी स्वतःचं मासिक काढत, 'हायड्रा' नावाचं, आणि ओवेन त्याचा संपादक! वेड्यांच्या मासिकात त्या दोघांच्या कविता छापून आल्या. आपल्या शाई गळणाऱ्या अंकाला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला मारला गेला, युद्ध थांबायला आठवडा असताना. त्याच्या कवितेला आज कुणी लक्षण म्हणत नाही. कविता म्हणतात. ती आहेच तशी, मोठी. त्याचा आजार तिच्या आड येत नाही.

ससूनचा डॉक्टर रिव्हर्स. दयाळू माणूस, रोग्याला बोलू देणारा. पण त्यानंही लिहून ठेवलंय की ऑफिसराचं मन शिकलेलं, गुंतागुंतीचं, म्हणून त्याला चिंतेचं दुखणं. साध्या शिपायाचं मन सरळसोट, म्हणून त्याची वाचा जाते, हातपाय लुळे पडतात. इथं मी पुस्तक मिटलं. वर्णव्यवस्था विलायतेत नाही असं कोण म्हणतं?

अशा मुक्या शिपायाचं काय करत? लंडनच्या यीलँड डॉक्टरनं १९१८ च्या पुस्तकात स्वतःच सांगितलंय. चोवीस वर्षांचा शिपाई, नऊ महिने वाचा बंद. त्याला खोलीत घेतलं, दारं कुलूपबंद केली आणि घशाला विजेचे झटके दिले. बोलल्याशिवाय इथून सुटका नाही, म्हणाला. चार तासांनी पोरगा बोलला. एकाला मन मोकळं करायला खुर्ची आणि दुसऱ्याला वीज. आणि मन खचून पळालेले? पळपुटेपणा, भेकडपणा असल्या गुन्ह्यांखाली ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेनं गोळी घातलेल्या ३०६ जणांना २००६ साली माफी मिळाली. त्यांत ऑफिसर बोटांवर मोजावे इतकेच.

शिपायांतही कवी होते. मला सगळ्यांत जवळचा वाटतो आयझॅक रोझेनबर्ग. लंडनच्या ईस्ट एंडातला गरीब ज्यू पोरगा, चौदाव्या वर्षी शाळा सुटली, खोदकामाच्या धंद्यात उमेदवारी. उंची कमी म्हणून बुटक्यांच्या पलटणीत घेतला. आईला पैसे मिळतील म्हणून भरती झालेला. विसरभोळेपणापायी त्याला शिक्षा झाली. ऑफिसराचं विसरणं हा आजार, शिपायाचं विसरणं हा गुन्हा. त्याची एक कविता खंदकातल्या उंदरावर आहे. तो उंदीर दोन्ही फौजांकडं जातो, शिवाशिव पाळत नाही. समीक्षक तिच्यात मृत्यू बघतात. मला आधी तो शिवाशिव न पाळणारा प्राणी दिसला, आणि कवीला बारीकसं हसू येतंय असं वाटलं. मोडलेला माणूस हसतोही, हे लक्षण मोजणाऱ्याला कसं कळणार? १ एप्रिल १९१८ ला तो गेला.

दुसरा आयव्हर गर्नी. शिंप्याचा पोर, कवी आणि संगीतकार. गोळी लागली, गॅस लागला. त्याचं मन युद्धाआधीही एकदा ढासळलं होतं, तेव्हा सगळं युद्धाच्या माथी मारू नये. १९२२ साली वेडा ठरवून कोंडला तो १९३७ ला मरेपर्यंत आतच. आपल्यातल्या काही दोस्तांना वेडाचं फार कौतुक. कवी म्हणजे डोकं फिरलेलाच पाहिजे म्हणतात. त्यांनी ही पंधरा वर्षं मोजून बघावीत. युद्धात मेलेल्या एडवर्ड थॉमस ह्या कवीची बायको त्याला भेटायला गेली, ती नवऱ्याचे नकाशे घेऊन. गर्नी आपल्या मुलखातल्या वाटांवरून बोट फिरवत बसला. कोंडलेल्या दिवसांतही तो लिहीत होता, आणि त्या कवितांत ओळीची तोडमोड इतकी जाणून केलेली आहे की ते नुसतं दुखणं नव्हे, कसब आहे.

माझा मामा फौजेत होता. पेन्शनीत आला आणि रात्री उठून ओट्यावर गाणी रचायला लागला. गल्ली म्हणाली, डोक्यावर परिणाम झाला. आईनं भगताकडं नेलं. मीही तेव्हा तेच समजत होतो, हे कबूल करतो. गाण्यांत काय आहे हे कुणी ऐकलंच नाही. त्या हॉवेल कॅप्टनात आणि आमच्या गल्लीत मग फरक काय राहिला?

मामा गेला. त्याची एक वही ट्रंकेत आहे. ह्या अंकासाठी मागायला मामीकडं गेलो होतो. मामीला वाचता येत नाही. ती म्हणाली, नेशील ती मागनं, त्यात काय लिवलंय ते आधी मला वाचून दाव. येत्या रविवारी सुट्टी आहे, तेव्हा जाणार आहे.